जुनं रंधा मशीन घरी आणताना: रंग सगळ्यात शेवटी

जुनं रंधा मशीन घेऊन ते उभं करणारे बहुतेक जण कामं योग्यच करतात, पण क्रम चुकवतात. मशीन घरी आलं की ग्राइंडरला वायर ब्रश लावून गंज उडवायचा, हौसेने हिरवा रंग मारायचा, पात्यांना धार लावून आणायची आणि मग बटण दाबल्यावर कळतं की पाती धरून फिरणाऱ्या ब्लॉकचं बेअरिंग गेलंय. बेअरिंग काढायला सगळं पुन्हा उघडायचं, तेव्हा नवा रंग पान्याच्या तोंडाने सोलून निघतो. टेबलं हलल्यामुळे पात्यांचं सेटिंगही वाया जातं. एक काम दोनदा, कधी तीनदा.

इथे मी १२ इंची बिडाचं रंधा मशीन डोळ्यांसमोर ठेवलंय. म्हणजे पंजाब-गुजरातेत बनलेलं, आपल्याकडच्या सुतारांच्या शेडमध्ये सर्रास दिसणारं सरफेस प्लेनर, ज्याच्या शाफ्टच्या टोकाला बहुतेक वेळा गोल करवतही लावलेली असते. सहा इंची मशीनलाही हाच क्रम लागू आहे, फक्त वजन कमी.

शब्दांचा घोटाळा आधीच मिटवू. लाकूड ज्या टेबलावर ठेवून पात्याकडे ढकलतो त्याला कुणी पुढचं टेबल म्हणतं, कुणी मागचं. मी त्याला आवक टेबल म्हणेन. रंधलेलं लाकूड ज्यावर जातं ते जावक टेबल. मधला फिरणारा, पाती बसवलेला लोखंडी रूळ म्हणजे ब्लॉक, त्याच्या खाचेत पातं दाबून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे पाचर, आणि लाकूड ज्याला टेकवून सरकवतो ती उभी बाजूपट्टी म्हणजे गाईड.

१. बघायला जाण्याआधी

पिशवीत एवढं घ्या: टॉर्च, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच), किमान दोन फुटी सरळ पट्टी, गुण्या, खडू, छोटी हातोडी, पान्यांचा सेट, थोडं रॉकेल, चिंधी आणि दीड-दोन फूट लांबीचा एक लाकडी तुकडा. सरळ पट्टी म्हणून स्टीलची फुटपट्टी चालते, पण ती उभ्या कडेवर धरायची. विकणाऱ्याकडची ॲल्युमिनियमची पट्टी वापरू नका; ती किती वेळा पडलीय हे तुम्हाला माहीत नसतं.

घरातल्या तीन गोष्टी मोजून ठेवा. दाराची रुंदी, मीटरपासून वर्कशॉपपर्यंतच्या वायरचं अंतर, आणि जोडणी सिंगल फेज आहे की थ्री फेज. तिसरी गोष्ट न बघता मशीन घेणारे मी बरेच पाहिलेत. सुताराच्या शेडमधली बहुतेक मशीनं थ्री फेजवर चालतात आणि घरात सिंगल फेज असतो.

फोनवर एकच सांगा: "आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका." गरम बेअरिंग गार बेअरिंगपेक्षा शांत चालतं. तुम्हाला ते गार असतानाच ऐकायचंय.

२. विकणाऱ्याच्या दारात

मेन स्विच बंद करा, बेल्ट काढायला सांगा, मग हात लावा. बेल्ट काढू देत नसेल तर बाहेरूनच परत फिरा.

पहिल्यांदा ब्लॉकचा आकार बघा. जुन्या मशीनवर कधीकधी चौकोनी ब्लॉक सापडतो, ज्याच्या सपाट बाजूंवर पाती बोल्टने बसवलेली असतात. ते मशीन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. चौकोनी ब्लॉक आणि टेबल यांच्यातली फट मोठी असते, बोट गेलं तर खोल ओढलं जातं. गोल ब्लॉकवर पातं जेमतेम एक मिलिमीटर बाहेर असतं, त्यामुळे इजा झाली तरी ती उथळ राहते. हा फरक फार मोठा आहे.

गोल ब्लॉक असेल तर तो दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. वर-खाली खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय किंवा शाफ्ट झिजलाय. बेअरिंग बदलता येतं. झिजलेला शाफ्ट म्हणजे टर्नरकडे (लेथवाल्याकडे) फेरी. मग ब्लॉक हाताने हळू फिरवा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावा. वाळू दळल्यासारखा आवाज आला तर बेअरिंगचा खर्च भावातून वजा करा. एवढ्यावरून मशीन नाकारू नका.

नाकारायचं ते तड्यावरून. बिडाला तडा गेला तर घरी इलाज नाही. टेबलाच्या खालची बाजू, टेबल सरकतं त्या तिरक्या खाचा, बेअरिंगची घरं आणि पायाचे कान टॉर्चने बघा. हातोडीने हलकेच टकटक करा. अखंड बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं भद्द वाजतं. संशय आला तर त्या जागी रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. ताजा, चकचकीत रंग दिलेल्या मशीनवर ही चाचणी चुकवू नका. माझ्या पहिल्या मशीनला विकणाऱ्याने आदल्याच आठवड्यात रंग दिला होता. रंगाखाली पुटीने बुजवलेला तडा होता, जो मला घरी सापडला.

टेबलांवर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. पट्टीखाली ०.१ मिमीचं फिलर गेज शिरत नसेल तर उत्तम. ०.१ ते ०.२ मिमी चालतं. पाव मिलिमीटरच्या पुढे गेलं, विशेषतः जावक टेबलावर, तर ग्राइंडिंगचा खर्च धरा. फिलर गेज नसेल तर झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो.

शेवटी बेल्ट लावून मशीन चालू करायला सांगा आणि तुमचा लाकडी तुकडा विकणाऱ्यालाच रंधायला सांगा. त्याचे हात कुठे असतात तेही बघा. मशीन कसं वापरलं गेलंय ते त्यावरून कळतं.

> तपासा: पात्यांच्या पाचरीचे सगळे बोल्ट एकसारखे आहेत का? एखादा वेगळ्या डोक्याचा दिसला तर कधीतरी आटे खराब झालेत आणि हार्डवेअरच्या दुकानातला मिळेल तो बोल्ट ठोकलाय असं समजा. ब्लॉकमधले आटे गेले असतील तर तो ब्लॉक बदलायचा, दुरुस्त करायचा नाही.

३. भाव

आधी त्याच मापाच्या नव्या मशीनचा आजचा भाव विचारून घ्या. माझा हिशेब असा: निम्म्यापासून सुरुवात, आणि त्यातून बेअरिंगची जोडी, पात्यांचा सेट, बेल्ट, स्टार्टर, मोटर जळकी असेल तर ती भरून घेण्याचा (वाइंडिंगचा) खर्च आणि टेम्पो वजा. उरलेला आकडा म्हणजे तुमचा भाव. "मोटर चालू आहे" या वाक्याला वेगळे पैसे देऊ नका. चालू मोटर हवीच, नाहीतर ते भंगार आहे आणि भंगाराचा भाव किलोवर ठरतो.

४. घरी आणणं

बारा इंची मशीन २०० किलोच्या पुढे भरतं, करवत जोडलेलं असेल तर आणखी. छोटा हत्ती पुरतो, पण चढवताना-उतरवताना चार माणसं लागतात.

टेबलांच्या टोकांना धरून मशीन कधीच उचलू नका. दोन हमाल दोन टोकांना लागले की टेबलं लिव्हरसारखं काम करतात आणि तिरक्या खाचा वाकतात किंवा तडकतात. दोरी नेहमी पायाभोवती. ब्लॉकभोवती किंवा शाफ्टभोवती नाही. जमलं तर गाईड, मोटर आणि दोन्ही टेबलं विकणाऱ्याच्या दारातच काढा आणि सुटी आणा. सपाट जमिनीवर पायाखाली इंचभर जाडीचे तीन पाइप टाकले की दोन माणसं आरामात सरकवतात.

> सावध: टेम्पोत मशीन उभंच ठेवा. आडवं टाकलं की जुनं बेअरिंग रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याचा धक्का खातं.

५. खोलणं, आणि खोलताना लिहिणं

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि लोक इथेच घाई करतात. प्रत्येक भाग काढण्याआधी दोन फोटो, काढल्यावर एक. बोल्ट लगेच त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. डब्यात टाकलेले बोल्ट पुन्हा आपापल्या जागी जात नाहीत. टेबलाखाली कागदाचे किंवा पत्र्याचे तुकडे सापडले तर ते कचरा समजून फेकू नका. कुणीतरी टेबल एका पातळीत आणण्यासाठी मुद्दाम घातलेले असतात. प्रत्येक तुकडा पाकिटात, पाकिटावर जागेचं नाव.

पाती आणि पाचरी काढण्याआधी सेंटर पंचने खुणा करा: पहिल्या खाचेजवळ एक ठिपका आणि तिच्या पाचरीवर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. ब्लॉक संतुलित केलेला असतो तो याच पाचरींसकट. अदलाबदल झाली की मशीन थरथरायला लागतं आणि मग माणूस बेअरिंगला दोष देत बसतो.

पुलीचा नट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी आट्यांची दिशा बघा. शाफ्टच्या एका टोकाला, विशेषतः करवतीच्या बाजूला, उलटे आटे असू शकतात. अडकलेल्या नटाला आदल्या रात्री रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून लावून ठेवा. पुली काढायला पुलर वापरा. हातोडीने ठोकली की बिडाची पुली तडकते, नाहीतर शाफ्ट वाकतो.

६. गंज

सगळा गंज एकाच पद्धतीने काढायचा नसतो.

टेबलांसाठी रॉकेल, रेझर ब्लेडचा खरवडा आणि मग १८० व ३२० नंबरचा पॉलिश पेपर एका सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, लांबीच्या दिशेने. नुसत्या बोटांनी घासलं तर गंजाच्या जागी खळगे पडतात. टेबलावर अँगल ग्राइंडर किंवा फ्लॅप डिस्क अजिबात नको. दोन मिनिटांत ते पाव मिलिमीटर खातात, आणि मग त्यासाठी ग्राइंडिंगच्या शॉपला पैसे मोजावे लागतात. गंजाचे काळे डाग राहिले तर राहू द्या. डागाने लाकूड वाकडं रंधलं जात नाही.

बोल्ट, हँडल, वॉशर असे छोटे भाग सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवा: एक लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम, रात्रभर. सकाळी ब्रशने घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच कोरडे करून तेल लावा. तेल लावायला तासभर उशीर झाला तर नवा केशरी गंज चढतो. बेअरिंग, पाती आणि ब्लॉक या पाण्यात टाकायचे नाहीत.

पायाचा जुना रंग काढायचा असेल तर तो ओला करून खरवडा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची कोरडी धूळ घरात उडवू नका. उघड्या लोखंडावर रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात मारा आणि इथेच थांबा. रंगाची वेळ अजून आलेली नाही.

७. ब्लॉक आणि बेअरिंग

जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचा. या मशीनवर ६२०४, ६२०५ किंवा ६२०६ हे नंबर वारंवार दिसतात. त्यांचे आतले व्यास अनुक्रमे २०, २५ आणि ३० मिमी. नंबर पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून दुकानात जा. ६२०५ म्हणजे २५ × ५२ × १५ मिमी. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं, म्हणजे '२आरएस', मागा. उघड्या बेअरिंगमध्ये लाकडाचा भुसा शिरतो आणि ग्रीसची लापशी होते.

नकली बेअरिंग बाजारात भरपूर आहेत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा किंवा आपल्या गावात; बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही. मिनिटाला साडेचार हजार फेऱ्या फिरणारी वस्तू आहे ही.

बसवताना एकच नियम: शाफ्टवर बसवताना जोर आतल्या कड्यावर, घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर. बाहेरच्या कड्यावर ठोकून बेअरिंग शाफ्टवर चढवलं तर गोळ्यांमार्फत धक्का जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. आतल्या कड्याच्या मापाचा पाइपचा तुकडा घ्या. घट्ट जात असेल तर बेअरिंग साधारण ८० अंशांपर्यंत गरम करा. तव्यावर वाळू पसरून त्यावर ठेवलं तरी जमतं, मात्र रबरी सील थेट ज्योतीला दाखवू नका. गरम बेअरिंग शाफ्टवर सहज सरकतं.

शाफ्टवर बेअरिंग सैल जात असेल तर पंचने शाफ्टवर ठिपके पाडून ते घट्ट करायची एक जुनी युक्ती आहे. ती इथे करू नका. महिनाभरात ठिपके दबतात. टर्नरकडून शाफ्ट भरून, लेथवर पुन्हा कातून मापात आणा.

> तपासा: ब्लॉक बसवल्यावर डायल गेज त्याच्या गोल भागावर टेकवून हाताने एक फेरी द्या. काटा ०.०३ मिमीच्या आत हलला पाहिजे. डायल गेज नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडून तासाभरासाठी आणा.

८. टेबलं एका पातळीत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढे रंधलेलं लाकूड सरळ निघणार की नाही ते इथेच ठरतं. आधी पाया जमिनीवर नीट बसवा. चारपैकी एक कोपरा अधांतरी असेल आणि तुम्ही बोल्ट आवळून तो जमिनीला टेकवला, तर बिडाचा पाया पिळला जातो आणि टेबलंही त्याच्याबरोबर पिळतात. फटीत पत्रा घाला, मग आवळा.

टेबलांच्या तिरक्या खाचा रॉकेलने धुऊन, पातळ तेल लावून टेबलं चढवा. खाचेत टेबल दाबून धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू इतपत आवळा की हँडल फिरवल्यावर टेबल सरकेल, पण टोक धरून उचललं तर टक आवाज येणार नाही.

आता आवक टेबल जावक टेबलाच्या उंचीला आणा आणि शक्य तितकी लांब सरळ पट्टी दोन्हींवर मिळून ठेवा. चार फुटी असेल तर छान. लांब पट्टी नसेल तर जाड काचेची कड किंवा ॲल्युमिनियमचा जाड बॉक्स सेक्शन चालतो, पण आधी तो उलटसुलट करून त्याचाच सरळपणा तपासा. बघायचं एवढंच: दोन्ही टेबलं एकाच सरळ रेषेत आहेत, की बाहेरची टोकं खाली झुकलीत, की वर उचललीत?

झुकलेलं टोक उचलण्यासाठी तिरक्या खाचेत, टोकाकडच्या बाजूला, पातळ पट्टी घालायची. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो आणि कात्रीने कापता येतो. कागद दाबला जातो, म्हणून पत्राच बरा. एक पट्टी घाला, आवळा, मोजा. इथे संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

टेबल स्वतःच वाकडं असेल, मध्ये खोलगट किंवा पीळ पडलेलं, तर पट्ट्यांनी काही होत नाही. ते काढून सरफेस ग्राइंडिंगला न्या. कोल्हापूरचं उद्यमनगर, पुण्यात भोसरी, नाशिकला सातपूर-अंबड अशा भागांत असं जॉबवर्क करणारे मिळतात. दोन्ही टेबलं एकाच वेळी द्या आणि कमीत कमी माल काढायला सांगा.

९. मोटर, वेग आणि वायरिंग

मोटर भरून आणलेली असो वा जुनीच, इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तिचं इन्सुलेशन तपासून घ्या. एक मेगाओमच्या खाली आलं तर ती जोडायची नाही. पावसाळ्यात शेडमध्ये पडून राहिलेली मोटर दमट असते, ती आधी वाळवा.

थ्री फेज मोटर आणि घरात सिंगल फेज असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला, दोन एचपीची सिंगल फेज मोटर घ्यायची. दुसरा, सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी लावायचा. पण २३० व्होल्टचा व्हीएफडी ४१५ व्होल्ट देत नाही. मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (टोकं जोडायची एक पद्धत; दुसरी डेल्टा) जोडलेली असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये तिची सहाही टोकं बाहेर असतील, तरच ती डेल्टात बदलून २४० व्होल्टवर चालवता येते. पैसे देण्याआधी ते झाकण उघडून बघा.

पुलीचा हिशेब सोपा आहे: मोटरच्या फेऱ्या गुणिले मोटर पुलीचा व्यास, भागिले ब्लॉक पुलीचा व्यास. २८८० फेऱ्यांच्या मोटरवर ५ इंची पुली आणि ब्लॉकवर ३ इंची, तर ब्लॉक ४८०० फेऱ्या फिरतो. साडेचार ते पाच हजारांच्या आसपास असलेलं बरं. आधीच्या मालकाने १४४० ची मोटर काढून २८८० ची लावली आणि पुली तीच ठेवली, असं घडतं. तेव्हा ब्लॉक दुप्पट वेगाने फिरतो, आणि ते जीवघेणं आहे. दोन्ही पुल्यांची मापं घेऊन हिशेब करा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

दोन एचपीसाठी २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, तीन एचपी किंवा लांब अंतर असेल तर ४ चौरस मिमी. अर्थिंग मशीनच्या पायाला बोल्टने, खालचा रंग खरवडून. साधं ऑन-ऑफ बटण नको, नो-व्होल्ट कॉइल असलेला डीओएल स्टार्टर हवा. लाइट गेली, तुम्ही ब्लॉकवर अडकलेली ढलपी काढायला हात घातला आणि लाइट परत आली, तर साधं बटण मशीन आपोआप सुरू करतं. स्टार्टर तसं करत नाही. स्टार्टरचा ओव्हरलोड मोटरच्या प्लेटवरच्या ॲम्पिअरवर लावा.

> सावध: फिरण्याची दिशा बेल्ट काढूनच तपासा. ब्लॉकची वरची बाजू आवक टेबलाकडे, म्हणजे तुमच्या दिशेने यायला हवी. उलटी असेल तर थ्री फेजमध्ये कोणत्याही दोन वायर अदलाबदल करा. सिंगल फेजमध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची टोकं बदलायची असतात, ते इलेक्ट्रिशियनला करू द्या.

१०. गार्ड, आणि तो आत्ताच

आपल्याकडच्या जुन्या मशीनवर गार्ड जवळजवळ कधीच नसतो. कारखान्यातून आलेला पहिल्याच आठवड्यात काढून कोपऱ्यात टाकलेला असतो. मशीनला पहिल्यांदा बेल्टसकट वीज देण्याआधी तीन गोष्टी लावा: बेल्टवर पत्र्याचं झाकण, ब्लॉकवर पुलासारखी आडवी पट्टी जी लाकडाच्या उंचीनुसार वर-खाली होते, आणि गाईडच्या मागे उघडा राहणारा ब्लॉक झाकणारी पट्टी. पुलाची पट्टी ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची असावी. लोखंडी असली आणि पात्याला लागली तर पात्याचे तुकडे उडतात.

आणि ती गोल करवत! एकाच शाफ्टवर असल्यामुळे तुम्ही रंधत असता तेव्हा तीही कमरेशेजारी फिरत असते. रंधताना करवतीचं पातं काढून ठेवा. मी तर माझ्या मशीनवर ते परत लावलंच नाही.

११. पहिला फेरा, पात्यांशिवाय

ब्लॉकमधून पाती आणि पाचरी दोन्ही काढा. पाती काढून नुसत्या पाचरी खाचेत ठेवल्या तर त्या फेकल्या जातात. पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघा, बेल्ट बोटाने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबेल इतका ताणा. बाजूला उभे राहून चालू करा, दहा सेकंदांनी बंद करा. थांबल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. मग अर्धा तास चालू ठेवा. मध्ये बंद करून बेअरिंगच्या घराला हात लावून बघा: कोमट चालेल, हात टेकवून ठेवता येत नसेल तर काहीतरी घट्ट बसलंय.

टेबलावर एक रुपयाचं नाणं उभं करून बघा. पडलं तर थरथर कुठून येते ते शोधा. आधी बेल्ट काढून नुसती मोटर चालवा, मग पुली तपासा, ब्लॉककडे सगळ्यात शेवटी वळा.

१२. पाती

धार लावायला सेट एकत्रच द्या आणि परत आल्यावर तराजूवर प्रत्येक पातं तोला. एक-दोन ग्रॅमच्या पुढे फरक असेल तर परत पाठवा. सागवान रंधणार असाल तर लक्षात ठेवा, सागात सिलिका असतो आणि तो धार लवकर मारतो. जादा सेट असलेला बरा.

पाती खाचेत बसवून ब्लॉकच्या बाहेर साधारण एक मिलिमीटर ठेवा, पाचर हलकी आवळा. आता एक सरळ, हलकी लाकडी पट्टी जावक टेबलावर ठेवा, तिचं टोक ब्लॉकवर येईल अशी. टेबलाच्या कडेपाशी पट्टीवर पेन्सिलची खूण करा आणि ब्लॉक हाताने फिरण्याच्या उलट दिशेने एकदा फिरवा. पातं पट्टीला उचलून थोडं पुढे नेईल. खूण किती सरकली ते मोजा. चार इंच व्यासाच्या ब्लॉकवर ३ मिमी सरकली तर पातं टेबलापेक्षा फक्त सुमारे ०.०२ मिमी वर आहे. ५ मिमी सरकली तर ०.०६. प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, सगळीकडे सरक सारखीच यायला हवी. महागड्या गेजशिवाय एवढी अचूकता मिळते हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

मग बोल्ट मधल्यापासून टोकांकडे जात, तीन फेऱ्यांत आवळा: थोडे, आणखी, पूर्ण. प्रत्येक फेरीनंतर पट्टीने पुन्हा मोजा, कारण आवळताना पातं वर चढतं. शेवटचं काम, प्रत्येक बोल्टला पाना लावून मोठ्याने मोजा. मी मोजतो. एक बोल्ट हलका राहिलेला मला दोनदा असाच सापडलाय.

१३. लाकूड घालून बघा

निदान दोन फूट लांबीचा, तीन-चार इंच रुंद तुकडा घ्या. फुटापेक्षा लहान तुकडा या मशीनवर कधीच घालू नका. कापाची खोली अर्धा मिलिमीटर. लाकडाच्या बाजूवरच्या रेषा मागच्या टोकाकडे वर जाणाऱ्या नव्हे, खाली उतरणाऱ्या असाव्यात. हातमोजे, घड्याळ, गळ्यातला गमछा काढलेला. तळवे ब्लॉकच्या वर कधी नाही. रुंद बाजू रंधताना ठोकळ्याने ढकला.

निकाल असा वाचा:

- तुकड्याच्या शेवटच्या दीड-दोन इंचांत खड्डा पडतोय: जावक टेबल पात्यापेक्षा खाली आहे.
- तुकडा जावक टेबलाच्या कडेला अडतोय, किंवा रंधा एका टोकाकडे कमी होत जातोय: जावक टेबल वर आहे.
- दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींवर ठेवल्या तर मध्ये उजेड दिसतोय: टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलीत.
- कडा मध्ये टेकतात आणि टोकांना फट राहते: टोकं वर उचललीत.

पहिल्या दोन दोषांसाठी जावक टेबल केसभर हलवा. पुढच्या दोन दोषांसाठी आठव्या टप्प्यावर परत जावं लागतं, दुसरा मार्ग नाही. पाती वर-खाली करून वाकडी टेबलं झाकायला बसू नका.

गाईडचा काटकोन गुण्याने लावा, पण त्याची खात्री लाकडानेच करा. दोन तुकड्यांच्या कडा रंधा, एक उलटा फिरवून शेजारी टेकवा. गाईड जेवढी चुकली असेल त्याच्या दुप्पट फट दिसेल.

१४. आता रंग

आठवडाभर काम करून बघितल्यावर, टेबलं न काढता, चिकटपट्टी लावून पायाला रंग द्या. टेबलांवर मेणाची पॉलिश घासून चढवा. सिलिकॉनचा स्प्रे नको. तो लाकडावर उतरतो आणि पुढे पॉलिश करताना त्या जागी डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात मेण दर पंधरा दिवसांनी, आणि रात्री टेबलावर जुनी चादर. प्लॅस्टिक टाकू नका, त्याखाली ओल धरते आणि सकाळी केशरी ठिपके दिसतात.